जुन्या मोटारीला नवे स्टिअरिंग



सायकलची घंटा मोडली तर आपण दुकानात जातो आणि आवडेल ती घंटा घेऊन येतो. सायकल कोणत्या कंपनीची आणि घंटा कोणत्या कंपनीची याचा फारसा विचार आपण करीत नाही. घंटा बसली आणि वाजली की काम झाले.

मोटारीच्या बाबतीतही पुष्कळ लोक असाच विचार करतात. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसिडर, मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० या गाड्यांचे उत्पादन आता बंद झाले आहे. तरीही हौशी माणसे त्या अजून जिवापाड सांभाळतात. अशा जुन्या गाडीचे स्टिअरिंग झिजले, तडकले किंवा नुसते जुनाट दिसू लागले की मालकाच्या मनात येते, भंगार बाजारात नव्या गाडीचे स्टिअरिंग मिळते, तेच का बसवू नये? ते दिसायला सुरेख असते आणि हातात पकडायला जाड व मऊ असते. शिवाय मधला एक नट सोडला की जुने निघते आणि तोच नट आवळला की नवे बसते!

खरोखरच हे इतके सोपे आहे का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले निदान चार धडे उपयोगी पडतात. ते कसे, हे आज पाहू.

आधी एक खुलासा. मोटारीला रस्त्यावर धावणारी चार चाके असतात आणि चालकाच्या हातात पाचवे. गोंधळ नको म्हणून चालकाच्या हातातल्या चाकाला आपण 'स्टिअरिंग' म्हणू आणि रस्त्यावरच्या चाकांना नुसते 'चाके' म्हणू.

जात्याचा खुंटा

अगदी पहिल्या मोटारींना स्टिअरिंग नव्हते. नावेच्या सुकाणूला असते तशी एक दांडी असे, ती डावीउजवीकडे ढकलून गाडी वळवीत. १८९४ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते रुआं अशी मोटारींची शर्यत झाली. तिच्यात आल्फ्रेद वाशरों या चालकाने आपल्या पानार गाडीला दांडीऐवजी गोल चाक बसवले होते. म्हणजे गाडीत मुळात नसलेले स्टिअरिंग तिला बसवण्याचा उद्योग स्टिअरिंगइतकाच जुना आहे!

दांडीपेक्षा चाक बरे का, हे समजण्यासाठी घरातले जाते आठवा. जात्याचा खुंटा पाळीच्या कडेजवळ बसवलेला असतो. तो मधल्या खिळ्याजवळ बसवला तर? दळणाऱ्या बाईच्या हातांना कितीतरी जास्त जोर करावा लागेल. फिरणाऱ्या वस्तूवर नुसते बल किती लावले याला अर्थ नसतो, ते अक्षापासून किती अंतरावर लावले यालाही तितकेच महत्त्व असते. या दोहोंच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. मोटारीच्या कारखान्यात त्यालाच टॉर्क म्हणतात.

परिबल = बल × अक्षापासूनचे अंतर

बल न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मोजले की परिबल न्यूटन-मीटरमध्ये मिळते. स्टिअरिंगच्या बाबतीत अक्षापासूनचे अंतर म्हणजे स्टिअरिंगची त्रिज्या.

स्टिअरिंगच्या मध्यापासून एक पोलादी दांडा खाली जातो. दांड्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते आणि ते एका आडव्या दंतपट्टीत अडकलेले असते. दंतचक्र फिरले की पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते आणि पुढच्या दोन्ही चाकांना वळवते. काही जुन्या गाड्यांत पट्टीऐवजी वेगळी दातेरी रचना असते, पण तत्त्व तेच. समजा, स्टिअरिंग १८ अंश फिरवले की पुढची चाके १ अंश वळतात. मग चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० अंश वळवायची तर स्टिअरिंग ७० × १८ म्हणजे १२६० अंश, अर्थात साडेतीन फेरे फिरवावे लागेल. हात फिरवून फिरवून दमतात, पण त्या बदल्यात जोर कमी लागतो.

मोठे की लहान?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या गाड्यांचे स्टिअरिंग मोठे आणि बारीक कडेचे असे. नव्या गाड्यांचे लहान आणि जाड कडेचे असते. हा फरक केवळ आवडीनिवडीचा आहे का?

गाडी उभी असताना चाके वळवणे सर्वांत कठीण. टायरचा रबर रस्त्याला घट्ट धरून असतो, आणि त्या घर्षणाविरुद्ध टायर जागच्या जागी पिळावा लागतो. समजा, अशा वेळी दांड्यावर ३० न्यूटन-मीटर परिबल लागते. मग तीन वेगवेगळ्या स्टिअरिंगांच्या कडेवर किती बल लावावे लागेल?

४० सेंटीमीटर व्यास, त्रिज्या ०.२० मीटर : ३० ÷ ०.२० = १५० न्यूटन.

३६ सेंटीमीटर व्यास, त्रिज्या ०.१८ मीटर : ३० ÷ ०.१८ = सुमारे १६७ न्यूटन.

३० सेंटीमीटर व्यास, त्रिज्या ०.१५ मीटर : ३० ÷ ०.१५ = २०० न्यूटन.

एक किलोग्रॅम वस्तूचे वजन सुमारे ९.८ न्यूटन असते. म्हणजे पहिल्या स्टिअरिंगला सुमारे १५ किलोंचे ओझे उचलण्याइतका जोर लागतो, तर तिसऱ्याला २० किलोंचे उचलण्याइतका. अरुंद गल्लीत गाडी मागेपुढे करताना हा फरक खांद्यांना चांगलाच जाणवतो.

मग नव्या गाड्यांना लहान स्टिअरिंग कसे चालते? त्यांच्यात चालकाच्या मदतीला यंत्र असते. १९५१ साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या 'इंपीरियल' या गाडीत तेलाच्या दाबावर चालणारी मदत दिली. तिलाच पॉवर स्टिअरिंग म्हणतात. विक्रीच्या गाडीत ती प्रथमच आली. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. दांड्यात एक बारीक सळई बसवलेली असते. चालकाने स्टिअरिंग फिरवले की ती किंचित पिळली जाते, किती पिळली हे एक संवेदक मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर जोर लावते. तेव्हा नव्या गाडीचे लहान स्टिअरिंग हलके लागते, ते त्याच्या स्वतःच्या गुणामुळे नव्हे. ते जुन्या गाडीत बसवले तर त्याच्यामागची मोटर काही त्याच्याबरोबर येत नाही!

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लहान स्टिअरिंगला बल जास्त लागते, पण हाताचा प्रवास कमी होतो. ४० सेंटीमीटरच्या स्टिअरिंगचा एक फेरा म्हणजे कडेवर सुमारे १२६ सेंटीमीटर, तर ३० सेंटीमीटरच्या स्टिअरिंगचा एक फेरा म्हणजे सुमारे ९४ सेंटीमीटर. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य. १५० × १.२६ काय आणि २०० × ०.९४ काय, दोन्ही वेळा उत्तर सुमारे १८८ ज्यूलच येते. निसर्गाच्या दुकानात उधारी नाही. प्रवास वाचवाल तर जोर द्यावा लागेल.

वेगात असताना या कमी प्रवासाचा दुसराच परिणाम होतो. समजा, गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे आणि खड्ड्याच्या धक्क्याने चालकाचा हात कडेवर २ सेंटीमीटर सरकला. ४० सेंटीमीटरचे स्टिअरिंग यामुळे ५.७ अंश फिरेल, ३० सेंटीमीटरचे ७.६ अंश फिरेल. त्याला १८ ने भागले की चाकांचे वळण मिळते : ०.३२ अंश आणि ०.४२ अंश. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.२ मीटर अंतर धरून आणि टायर घसरत नाहीत असे मानून ढोबळ हिशेब केला, तर एका सेकंदात पहिली गाडी सुमारे ५० सेंटीमीटर बाजूला सरकते आणि दुसरी सुमारे ६७ सेंटीमीटर. दोन पदरी रस्त्यावर समोरून मालमोटार येत असेल तर या सतरा सेंटीमीटरांची किंमत काय, हे सांगायला नको.

दाते जुळले पाहिजेत

स्टिअरिंगचा मधला भाग, बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो तसा, दांड्यावर बसतो. दांड्याच्या वरच्या टोकावर उभे बारीक दाते कोरलेले असतात आणि तुंब्याच्या भोकात आतल्या बाजूने तसेच दाते असतात. एकमेकांत बसले की दोन्ही एकजीव फिरतात. वरचा नट फक्त स्टिअरिंग वर निघून येऊ नये म्हणून असतो. फिरवण्याचे सारे काम दाते करतात.

किती मोठे काम? समजा, दांड्याचा व्यास १७ मिलिमीटर आहे आणि त्याच्यावर ३६ दाते आहेत. त्रिज्या झाली ८.५ मिलिमीटर. हाताने कडेवर निर्माण केलेले ३० न्यूटन-मीटर परिबल येथे इतक्या लहान त्रिज्येवर पोचवायचे आहे. ३० भागिले ०.००८५ म्हणजे सुमारे ३५०० न्यूटन! साडेतीनशे किलोग्रॅम वस्तूच्या वजनाहूनही हे थोडे जास्तच भरते. ते ३६ दातांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ९८ न्यूटनच्या आसपास येते आणि पोलादाचा दाता ते सहज पेलतो.

आता समजा, नव्या स्टिअरिंगच्या तुंब्यात दाते ३६ ऐवजी ४० आहेत, किंवा भोक किंचित मोठे आहे. हातोडीचे चार ठोके घालून आणि नट आवळून ते 'बसवले'. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळणार नाही. पण आत कदाचित तीनचार दातेच एकमेकांना लागलेले असतील, आणि मग प्रत्येकावर ९८ ऐवजी नऊशे ते बाराशे न्यूटन बल येईल. दाते हळूहळू चेचत जातील, स्टिअरिंगमध्ये ढिलाई येईल, आणि ज्या दिवशी चालक जिवाच्या आकांताने स्टिअरिंग फिरवील नेमक्या त्या दिवशी ते दांड्यावर गरकन फिरेल. चाके मात्र सरळच राहतील. अशा बिघाडाला 'अचानक झालेला' म्हणतात, पण त्याची सुरुवात हातोडीच्या पहिल्या ठोक्यापासून झालेली असते.

काही कारागीर तुंबा दांड्यावर झाळून टाकतात. हेही वाईटच. पोलादाला दिलेली कठीणता ठरावीक प्रकारे तापवून आणि थंड करून आलेली असते. झाळण्याच्या उष्णतेने ती बिघडते आणि सांध्याजवळचा भाग ठिसूळ किंवा मऊ होऊ शकतो.

दातांची संख्या आणि माप जुळले तरी एक काळजी घ्यावी लागते. ३६ दाते म्हणजे दर दाताला १० अंश. एक दाता चुकला की गाडी सरळ चालताना स्टिअरिंग १० अंश तिरके दिसणार. म्हणून चांगला मिस्त्री जुने स्टिअरिंग काढण्यापूर्वी चाके सरळ करून घेतो आणि दांड्यावर खूण करून ठेवतो.

तुंब्यामागची गंमत

स्टिअरिंग काढून त्याची मागची बाजू पाहायला मिळाली तर जरूर पाहा. जुन्या गाडीच्या तुंब्यामागे पितळेचे एक गोल कडे दिसेल. स्टिअरिंग फिरत असते, पण हॉर्नच्या तारेचे दुसरे टोक गाडीत स्थिर असते. तार सरळ जोडली तर दोनचार फेऱ्यांतच पिळून तुटेल. म्हणून स्प्रिंगने दाबलेला एक लहान धातूचा तुकडा या कड्यावर टेकून राहतो. कडे कितीही फिरो, संपर्क सुटत नाही. गाडीचा सांगाडा बॅटरीच्या एका टोकाला जोडलेला असल्याने परतीच्या तारेची गरज पडत नाही.

त्याच ठिकाणी एक लहानसा उंचवटाही असतो. वळण संपवून स्टिअरिंग सरळ होऊ लागले की हा उंचवटा सिग्नलच्या दांडीला धक्का देतो आणि सिग्नल आपोआप बंद होतो. नव्या गाडीचा उंचवटा वेगळ्या जागी असला, तर सिग्नल बंदच होणार नाही आणि मागचा वाहनचालक तुम्ही वळणार म्हणून वाट पाहत राहील. किंवा वळणाच्या आधीच तो बंद होईल. एवढ्याशा उंचवट्याच्या चुकीने अपघात होऊ शकतो.

स्टिअरिंगमधली पिशवी

आतापर्यंतच्या अडचणी कुशल कारागीर बऱ्याच अंशी सोडवू शकेल. पण नव्या स्टिअरिंगच्या पोटात आता आणखी एक वस्तू असते, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे एअरबॅग, हवेची पिशवी.

पिशवी कशासाठी? समजा, ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली. गाडी थांबते, पण जडत्वामुळे चालकाचे डोके त्याच वेगाने पुढे जाते. डोक्याचे वस्तुमान ५ किलोग्रॅम धरले तर त्याचा संवेग ५ × १५ म्हणजे ७५ एकक. हा संवेग शून्य झालाच पाहिजे, त्यातून सुटका नाही. प्रश्न एवढाच, की किती वेळात? न्यूटनचा दुसरा नियम सांगतो,

सरासरी बल = संवेगातील बदल ÷ लागलेला वेळ

डोके कठीण वस्तूवर आपटून ०.००५ सेकंदात थांबले तर बल ७५ ÷ ०.००५ = १५,००० न्यूटन. मऊ पिशवीत रुतत ०.०६ सेकंदात थांबले तर ७५ ÷ ०.०६ = १२५० न्यूटन. बारापट फरक! झेल घेताना क्रिकेटपटू हात मागे नेतो, तेच हे तत्त्व.

ही कल्पना अमेरिकेतील जॉन हेट्रिक यांना सुचली आणि १९५३ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्यांच्या योजनेत दाबून भरलेली हवा होती, पण तिने पिशवी पुरेशा वेगाने फुगणे कठीण होते. टक्कर सुरू झाल्यापासून सुमारे ५० मिलिसेकंदांच्या आत पिशवी तयार हवी. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पुढे रसायनांचा आधार घ्यावा लागला. पूर्वीच्या पिशव्यांत सोडियम अझाइड वापरीत. ते पेटले की त्याचे विघटन होऊन नायट्रोजन वायू मोकळा होतो. १३० ग्रॅम सोडियम अझाइडपासून तीन मोल नायट्रोजन मिळतो, आणि शून्य अंश सेल्सिअसला व वातावरणाच्या नेहमीच्या दाबाला त्याचे आकारमान ३ × २२.४ म्हणजे सुमारे ६७ लिटर भरते. सोडियम अझाइड विषारी असल्यामुळे आता दुसरी रसायने वापरतात, पण तत्त्व बदललेले नाही.

आता असे स्टिअरिंग जुन्या गाडीत बसवले तर काय होईल ते पाहू. पिशवी फुगवायची आज्ञा कोण देणार? नव्या गाडीत टक्कर ओळखणारे संवेदक असतात. त्यांचे संदेश वाचून निर्णय घेणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. स्टिअरिंग फिरतानाही तारांचा संपर्क टिकवणारी, घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळलेली तारांची पट्टी असते. तिला गॅरेजमध्ये क्लॉक स्प्रिंग म्हणतात. जुन्या गाडीत यातले काहीच नाही. पिशवी तुंब्यात मुकाट पडून राहील, आणि चालक मात्र आपल्यापुढे पिशवी आहे या भरवशावर राहील. हा खोटा भरवसा पिशवी नसण्यापेक्षा वाईट आहे.

कोणी म्हणेल, ती पेटीही आणून बसवू. पण ती पेटी तिच्या मूळ गाडीला ओळखते, दुसऱ्या गाडीला नाही. गाडीचा पुढचा भाग टकरीत कसा चेपतो, धक्का सांगाड्यातून कसा पोचतो, याचा अभ्यास करून, खऱ्या गाड्या भिंतीवर आदळवून पेटीचे गणित बसवलेले असते. खड्ड्यात चाक आपटले तर पिशवी फुटता कामा नये, आणि खऱ्या टकरीत ती फुटलीच पाहिजे. दुसऱ्या गाडीत हे गणित कोसळते.

आणखी एक धोका आहे. पिशवी पेटवायला लहानशा तारेतून सुमारे एक अँपिअर विद्युतप्रवाह क्षणभर गेला तरी पुरतो. त्या तारेचा रोध दोन ओहमच्या आसपास असतो. हॉर्नच्या तारा समजून कोणी बॅटरीच्या १२ व्होल्टच्या तारा तेथे जोडल्या तर ओहमच्या नियमाने १२ ÷ २ = ६ अँपिअर प्रवाह वाहू लागेल. पिशवी ताशी दोनशे ते तीनशे किलोमीटर वेगाने बाहेर झेपावते. तेव्हा तिच्यावर वाकून काम करणाऱ्या माणसाच्या तोंडाचे काय होईल, याची कल्पना करा. म्हणून पिशवीच्या तारांना पिवळे आवरण देण्याची पद्धत आहे. मापकातूनही थोडा प्रवाह जातो, त्यामुळे साध्या मापकाने या तारा तपासून पाहणेदेखील वर्ज्य आहे.

भंगारातून आणलेल्या पिशवीचे वय आणि इतिहासही ठाऊक नसतो. ताकाता या जपानी कंपनीच्या पिशव्यांतील रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडले. पिशवी फुगताना त्याचे धातूचे भांडे फुटून तुकडे अंगात घुसले आणि माणसे दगावली. जगभर कोट्यवधी मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

बरे, पिशवी काढून नुसते स्टिअरिंग बसवले तर? मग मध्ये पोकळी उरते आणि तिच्यामागे धातूचा कठीण सांगाडा. पिशवी नसलेल्या जुन्या स्टिअरिंगवर निदान मध्ये जाड गादी असे. शिवाय टकरीत दांडा भाल्यासारखा छातीत घुसू नये म्हणून अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांपासून दबून आखूड होणारे दांडे बसवले, आणि १९६८ पासून तेथे तसा नियमच झाला. नव्या गाडीत पिशवी, दांडा आणि सीटचा पट्टा हे तिघे मिळून चालकाला सांभाळतात. एकाला उचलून दुसऱ्या घरी नेले की तिघांची साखळी तुटते.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोरची पिशवी सक्तीची झाली आहे. तेव्हा यापुढे भंगार बाजारात येणाऱ्या स्टिअरिंगांपैकी जास्तीत जास्त स्टिअरिंगांच्या पोटात पिशवी असणार, किंवा पिशवी काढल्याची पोकळी. म्हणून हा प्रश्न कमी न होता वाढतच जाणार आहे.

मग बदलायचेच नाही का?

तसे नाही. तडकलेले स्टिअरिंग तसेच वापरणे हेही धोक्याचेच. त्याच गाडीसाठी बनवलेले किंवा कारखान्यानेच त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलला दिलेले, दाते, व्यास आणि तुंब्याची खोली तंतोतंत जुळणारे, आणि दोन्हींत पिशवी नसलेले स्टिअरिंग जाणकार मिस्त्रीकडून जरूर बसवावे. त्याने नट ठरवून दिलेल्या परिबलाइतकाच, मापकाच्या पान्याने आवळावा. नंतर गाडी उभी असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे, हॉर्न प्रत्येक स्थितीत वाजतो का आणि सिग्नल वेळेवर बंद होतो का ते तपासावे, वेग दाखवणारा काटा कडेआड लपत नाही ना हे बघावे आणि मगच मोकळ्या जागेत हळू चालवून पाहावी. ज्या गाडीत मुळात पिशवी आहे, तिचे स्टिअरिंग मात्र हौसेखातर कधीही बदलू नये.

यंत्रात एखादा भाग बसला, एवढ्याने तो त्या यंत्राचा झाला असे होत नाही. त्याच्यामागे जी बले, जी अंतरे आणि जो वेळ धरून यंत्र बांधले आहे, ते सारे जुळले तरच तो भाग त्या यंत्राचा.

करून पाहा

सायकल खडबडीत जमिनीवर उभी करा. एका मित्राला सीटवर बसवा आणि दुसऱ्याला मागून सायकल सरळ धरायला सांगा. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा घ्या. हँडलच्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर दोरी बांधा आणि काट्याने हँडलला काटकोनात ओढा. हँडल वळू लागताच काट्यावरचे बल लिहून घ्या. मग हेच १५, २० आणि २५ सेंटीमीटरवर करा. प्रत्येक वेळी बल आणि अंतर यांचा गुणाकार काढा. चारही गुणाकार साधारण सारखे येतात का? मित्र उतरल्यावर पुन्हा मोजा. गुणाकार कमी का झाला, याचे कारण टायर आणि जमीन यांच्यामधील घर्षणात शोधा.

सोडवून पाहा

१. ३८ सेंटीमीटर व्यासाचे स्टिअरिंग फिरवायला १४० न्यूटन बल लागते. त्याच गाडीला ३४ सेंटीमीटर व्यासाचे बसवले तर किती लागेल?

२. दांड्यावर ४० दाते आहेत. स्टिअरिंग एक दाता चुकून बसले तर ते किती अंश तिरके दिसेल?

३. ४ किलोग्रॅम वस्तुमानाची वस्तू ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात आहे. ती ०.०१ सेकंदात थांबली तर सरासरी बल किती? ०.०८ सेकंदात थांबली तर किती?

४. पेचकसाची मूठ जाड का करतात?

उत्तरे : १. सुमारे १५६ न्यूटन. २. ९ अंश. ३. ४००० न्यूटन आणि ५०० न्यूटन. ४. या लेखातले पहिले सूत्र पुन्हा वाचा, उत्तर तेथेच आहे.